दहावा शब्द

आमच्या प्रार्थनाघरात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. पोती मोजावीत, मेंढ्या मोजाव्यात, पण माणसाला एक-दोन-तीन म्हणू नये, असं पूर्वीपासून चालत आलंय. आता प्रार्थनेला दहा पुरुष तर लागतातच. दहा नसतील तर शास्त्राची गुंडाळी कपाटातून बाहेर काढता येत नाही आणि मेलेल्यांसाठीची प्रार्थनाही म्हणता येत नाही. मग मोजायचं कसं? तर जुन्या भाषेतलं दहा शब्दांचं एक वाक्य आहे, देवा, तुझ्या माणसांना सांभाळ, अशा अर्थाचं. त्यातला एकेक शब्द एकेका डोक्यावर ठेवत जायचं. शेवटचा शब्द ज्याच्यावर पडला तो दहावा. शब्द उरला तर माणूस कमी.

हे काम माझ्या मामांचं. मामा आमचे अध्यक्ष. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, अर्ध्या शहराच्या नाकावर त्यांनी बसवलेले चष्मे आहेत, आणि आपल्याला सगळ्यांपेक्षा स्वच्छ दिसतं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. बायकांवर ते शब्द ठेवत नाहीत. आम्ही मागे लाकडी जाळीच्या पलीकडे बसतो. मी बाबांच्या मागे त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवते. गुंडाळीच्या कपाटाचं कुलूपसुद्धा मीच बसवलंय. पण मी आले काय नि न आले काय, मोजणीत फरक पडत नाही. याचा राग मला लहानपणापासून आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

त्या शनिवारी मामांचा शेवटचा शब्द एका परक्या माणसावर पडला. दोरे-बटणं विकत गावोगाव फिरणारा विक्रेता होता तो, स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलेला. आपल्यातलाच आहे असं कळल्यावर मामांनी त्याला गळ घालून आणला, कारण आमच्यातले पुरुष उरलेत नऊ. खरं तर दहा. दहावा माझा धाकटा भाऊ, आणि तो त्या वेळी प्रार्थनाघराच्या पायरीवर बसला होता, धुतलेला शर्ट घालून, केस नीट विंचरून. त्याला आत यायला मामांची बंदी होती.

बंदी कशाची ते सांगते, लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या शहराला ठाऊक आहे. धाकटा दुधाचा टेम्पो चालवायचा. एके दिवशी रात्रभर प्यायला आणि पहाटे तसाच टेम्पो घेऊन निघाला. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, आमच्यातलाच, वाकून दुकानाचं शटर वर करत होता. टेम्पो त्याच्या अंगावर गेला. बेकरीवाला तिथेच गेला. धाकट्यानं कोर्टात एक शब्द फिरवला नाही. मी प्यायलो होतो, मीच चालवत होतो, म्हणाला, वकील कपाळाला हात लावून बसला. शिक्षा झाली, ती त्यानं पूर्ण भोगली. तो सुटून येईपर्यंत आईनं जीव धरून ठेवला होता. तो आला, तिनं त्याला आपल्या हातानं चार घास भरवले आणि पुढच्या काही दिवसांतच ती गेली.

जायच्या आधी तिनं माझं मनगट पकडलं. तिच्या बोटांत तेवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"माझ्यासाठीची प्रार्थना त्याच्याकडून म्हणवून घे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला नको." मी शब्द दिला.

पण दफनाच्या दिवशी धाकटा कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभा राहिला आणि प्रार्थना मामांनी म्हटली. मी त्या दिवशी गप्प बसले, आईची माती ओली होती म्हणून. नंतर मात्र मी मामांच्या दुकानात गेले. ते एका काचेला फडकं मारत होते.

"मामा, या शनिवारी तो आत येईल," मी म्हटलं.

"बेकरीवाली दर शनिवारी येते. तिच्यासमोर त्याला उभा करू? कुठल्या तोंडानं?"

"तुम्ही तिला विचारलंत?"

"असल्या गोष्टी विचारायच्या असतात होय? आणि तुझ्या आईसाठी मी म्हणतोय ना दर शनिवारी प्रार्थना. माझी बहीण होती ती."

"तुम्ही भाऊ आहात. तो मुलगा आहे. आणि त्यानं शिक्षा भोगलीय."

"कोर्टाची भोगली. वरच्याची कुठे भोगली? सांडलेलं रक्त जमिनीतून ओरडतं. हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं."

"शास्त्र पुढेही काहीतरी म्हणतं. त्या पहिल्या खुन्याच्या अंगावर देवानं खूण केली, ती कशाला? लोकांनी ओळखून दगड मारावेत म्हणून नाही. त्याला कुणी हात लावू नये म्हणून."

मामांनी काच उजेडाकडे धरली. "तू आता मला शास्त्र शिकवणार."

"शिकवत नाही. तुम्ही अर्धंच वाचता, एवढं दाखवते."

"गिऱ्हाईक आलंय," ते म्हणाले. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

घरी येऊन मी दिवसभर किल्ल्या घासल्या आणि त्यातल्या बऱ्याच बिघडवल्या. मामांवर राग होताच, पण त्यांच्यापेक्षा जास्त राग देवावर होता, हे मी सरळ सांगते. माणसं तुझ्या नावावर दार लावून घेतात आणि तू आत गुपचूप बसतोस, असं मी त्याला म्हटलं. मग मला आईच्या आजीची गोष्ट आठवली.

त्या पणजीच्या शेजाऱ्यानं तिच्या खिडकीला लागून भिंत बांधली होती. पंचमंडळी शेजाऱ्याच्या बाजूची, तिचं कोणी ऐकेना. तेव्हा ती शनिवारी जाळीमागून उठली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. आमच्यात हा जुना हक्क आहे. ज्याला न्याय मिळाला नाही त्यानं वाचन अडवावं, आणि त्याचं गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय कुणी गुंडाळीला हात लावू नये. यात पुरुष-बाई असा भेद नाही. मोजणीत आम्हाला जागा नाही, पण गाऱ्हाण्यात आहे. पणजीनंतर हा हक्क कुणी वापरल्याचं कुणाला आठवत नाही. लोक सोशिक झाले असतील, किंवा खिडक्यांना पडदे लावायला शिकले असतील.

तर त्या शनिवारी मामा किल्ली घेऊन कपाटाकडे निघाले आणि मी जाळीचं छोटं दार ढकलून बाहेर आले. बाकांच्या मधून चालत गेले. दोघांनी पाय आखडून घेतले. मी कपाटाला पाठ लावली तेव्हा कुलपाची कडी मला पाठीत टोचत होती.

"बाजूला हो," मामा हळू आवाजात म्हणाले.

"नाही होणार. मला न्याय मिळालेला नाही. तो मिळेपर्यंत वाचन होणार नाही."

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शिंप्याला कमी ऐकू येतं. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "कुलूप पुन्हा अडकलं का?"

"कुलूप ठणठणीत आहे, काका," मी मोठ्यानं सांगितलं. "मी अडवलंय."

मामांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणजे आमचे वाचक. शाळेतून निवृत्त झाले तरी छडी हातात असल्यासारखेच बसतात. ते माझ्या बाजूनं बोलतील अशी मला अजिबात आशा नव्हती, आणि ते बोललेही नाहीत. "हक्क आहे तिचा," एवढंच ते त्रासिक आवाजात म्हणाले, जसं एखाद्या मुलाचं गणित चुकून बरोबर यावं. मग त्यांनी बाकावर बैठक मारली. बाकीचेही बसले.

मी आणखी ताठ उभी राहिले.

"मास्तर, आज काय वाचणार होतात?"

"त्या पापी शहराची गोष्ट," मास्तर म्हणाले. "ज्याच्यावर देवानं आग पाडली."

"आग नंतर पडली. आधी काय झालं? देव शिक्षा द्यायला निघाला आणि एक म्हातारा त्याच्या वाटेत उभा राहिला. तिथे पन्नास चांगली माणसं निघाली तर शहर सोडशील? पाच कमी पडली तर? चाळीस? तीस? असं करत करत त्यानं देवाला दहावर आणलं. भाजीबाजारात कोणी इतकं ताणत नाही. देवानं त्याला बाजूला हो म्हटलं का? दर वेळी बरं म्हणाला. आणि मामा मला पहिल्याच वाक्याला बाजूला हो म्हणतात."

कुणीतरी हसलं आणि मग खोकल्याचं नाटक केलं. मामा हसले नाहीत.

"शेवटी ते शहर जळलं," ते म्हणाले. "तेही सांग ना. राख झाली त्याची. देव ऐकून घेतो, पण न्याय सोडत नाही."

यावर मी अडखळले. खोटं कशाला बोलू, ही गोष्ट मला लहानपणापासून छळते. मास्तर दर वर्षी ती वाचायचे आणि दर वर्षी मी जाळीमागे आशेनं बसायचे, की या खेपेला म्हातारा आणखी एकदा तोंड उघडेल.

"जळलं," मी म्हटलं. "कारण म्हातारा दहावर थांबला. मला त्याचा राग येतो. देव अजून बरं म्हणत होता आणि हा घरी निघून गेला. मी असते तर एकावर आणलं असतं. आणि एकही चांगला नाही असं निघालं असतं, तर म्हटलं असतं, मग वाईटांसाठी सोड. चांगल्यांना तुझ्या दयेचं काय करायचंय? ती ज्यांना लागते त्यांनाच तू देणार नसशील तर ती ठेवलीयस कुणासाठी?"

हे बोलताना मी मामांकडे बघत नव्हते. मान वळवून कपाटाकडे बोलत होते. सगळ्यांना ते दिसत होतं.

"जीभ आवर," मामा म्हणाले.

"आवरते, एक सांगून. ती प्रार्थना तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यात मेलेल्याचं नाव आहे का? मरणाचा शब्द तरी आहे? नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवाची थोरवी आहे. माझ्या भावाला पायरीवरून उठून आत यायचंय आणि देव थोर आहे, एवढंच म्हणायचंय. आज मला हे म्हणायला सांगितलं तर माझ्या घशातून निघणार नाही. त्याच्या निघतंय. आणि ते तुम्ही निघू देत नाही. देवाची स्तुती बंद पाडून तुम्ही देवाचा न्याय करताय, मामा."

मग तो दोरे-बटणांचा विक्रेता उभा राहिला.

"तो पायरीवर बसलेला?" त्यानं मला विचारलं. "आत येताना मी त्याला नमस्कार केला. त्यानं मला वाट दिली."

"हो. तोच."

"आणि मी त्याच्या जागेवर आहे."

मामा म्हणाले, "तुम्ही आमचे पाहुणे आहात. हा आमच्या घरातला मामला आहे."

"घरातलाच आहे, म्हणून तर," विक्रेता म्हणाला. त्यानं अंगावरची प्रार्थनेची शाल काढून घडी घातली. "तुम्ही मला म्हणालात, दहावा माणूस नाही. दहावा माणूस दाराबाहेर बसवलाय, असं नव्हता म्हणालात." आणि तो सरळ निघून गेला. दार उघडं राहिलं. तो पायरीवर धाकट्याच्या शेजारी टेकलेला मला दिसला. धाकट्यानं सरकून त्याला जागा दिली.

मामांची सवय मोठी. त्यांनी पुन्हा मोजायला घेतलं. ओठ हलत होते. पहिला शब्द मास्तरांवर, दुसरा शिंप्यावर, असे करत करत ते स्वतःपर्यंत आले, स्वतःवर नववा शब्द ठेवला आणि थांबले. दहावा शब्द त्यांच्या तोंडात तसाच राहिला. त्यांनी बाकांवरून नजर फिरवली, कोपऱ्यात पाहिलं, शिंप्याकडे परत पाहिलं, जणू तिथं आणखी एखादं डोकं निघेल. मला त्यांची कीव आली. राग होता तसाच होता, पण कीवही आली.

"मी हे हौसेनं करतोय का?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "जाळीमागे एक बाई बसलीय. तिचा नवरा गेला. तिच्यासाठी करतोय मी हे."

आता सगळ्यांनी जाळीकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. माझा सगळा तोरा मामांसमोर होता, तिच्यासमोर तो चालणार नव्हता. ती नको म्हणाली असती तर मी कपाटापासून दूर झाले असते, आईला दिलेला शब्द मोडून. हे मला उठण्यापूर्वीच ठाऊक होतं.

बाक करकरला. बेकरीवाली उभी राहिली होती.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मला कुणी विचारलंय?"

तिनं जाळीतून एकेका बाकाकडे पाहिलं.

"आधी एक नीट ऐका सगळ्यांनी. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. उद्या कुणी मला देवमाणूस म्हणत दुकानात यायचं नाही." तिचा आवाज जराही कापत नव्हता. "पण माझ्या नावावर हे जे चाललंय ते काय आहे? माझा माणूस गेला तेव्हा तुम्ही सगळे आठवडाभर आलात. मग कुणाला वेळ झाला नाही. भट्टी मी एकटी पेटवते. शटर मी एकटी वर करते, आणि करताना रोज मागे वळून बघते. न्याय म्हणून तुम्ही मला काय दिलंत? तो दिसणार नाही, एवढंच. मला तो दिसू नये असं मी कधी म्हटलं? तो दिसत नाही म्हणून तुम्हाला बरं वाटतं. मला नाही."

ती जाळीच्या दारापर्यंत आली.

"त्याला आत घ्या. पहिल्या बाकावर उभा करा, मला इथून दिसेल असा. दर शनिवारी. त्याला आपल्या आईसाठी काय म्हणायचंय ते म्हणू दे. आणि मागे मी बसलेय, हे त्याला माहीत असू दे. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही, आणि यापेक्षा जास्त दया माझ्याकडे नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू. माझ्याकडे आणखी काही मागायला येऊ नकोस."

"नाही येणार, वहिनी."

"बरं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मामांनी चष्मा काढला. फडकं शोधलं, सापडलं नाही, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या. चष्म्याशिवाय ते अगदी आईसारखे दिसतात, हे मी विसरले होते.

"माझी एकुलती एक बहीण होती ती," ते खाली बघत म्हणाले. "या पोरापायी झिजून झिजून गेली."

"हो," मी म्हटलं. "आणि तिला हाच पोरगा हवा होता."

मामांनी चष्मा परत चढवला. ते दारापर्यंत गेले. बाहेरच्या उन्हात क्षणभर डोळे बारीक करून उभे राहिले.

"धाकट्या," ते म्हणाले. "चल. खोळंबलेत सगळे."

धाकटा आत आला. त्याच्या मागून विक्रेताही आला आणि शेवटच्या बाकावर बसला. माझ्यावर शब्द नाही ठेवला तरी चालेल, असं त्यानं शिंप्याला सांगितलं. शिंप्याला ते ऐकू गेलं नाही. मामांनी मोजणी पहिल्यापासून केली. एरवी ते ओठातल्या ओठात मोजतात, आज आवाज काढून मोजत होते. दहाव्या शब्दाला त्यांनी धाकट्याच्या डोक्याजवळ हात नेला. टेकवला नाही, पण नेला. मी कपाटापासून बाजूला झाले.

जाळीमागे परत आले तेव्हा एकच जागा रिकामी होती, बेकरीवालीच्या शेजारची. मी बसले. तिनं सरकून जागा दिली नाही, उठूनही गेली नाही. तिच्या बाहीवर पीठ होतं. मास्तरांनी गोष्ट वाचली. म्हातारा या वर्षीही दहावरच थांबला आणि शहर जळलं. मी दात आवळून ऐकून घेतलं.

मग धाकटा पहिल्या बाकापाशी उभा राहिला. आमच्याकडे त्याची पाठ होती. मानेवर न्हाव्यानं कापल्याची ताजी खूण दिसत होती. त्यानं सुरुवात केली, पण आवाज फुटेना. पहिला शब्द पुटपुटला, दुसरा घशात गेला. मामा मदतीला पुढे झाले. मास्तरांनी घसा खाकरला. माझ्या हातात जाळीची पट्टी होती, ती मी घट्ट धरली.

"मोठ्यानं," माझ्या शेजारून बेकरीवाली म्हणाली. "मागे ऐकू येत नाही."

धाकट्याची पाठ ताठ झाली. त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.